राखीव जागांची परीक्षा

विधिमंडळांतील राखीव जागांना घटनेने आरंभी दहाच वर्षांची मुदत घातली होती. सात वेळा वाढविली गेलेली ही मुदत आता जानेवारी २०३० मध्ये संपावयाची आहे. तेव्हा हा वाद पुन्हा पेटेल आणि या खेपेस त्यात विद्वानांच्या संशोधनाचे दाखलेही फेकले जातील. अनुसूचित जातींच्या सवलती १९९० साली बौद्धांनाही लागू झाल्या असल्यामुळे हा वाद आपल्या घरचाच आहे. म्हणून ते संशोधन काय सांगते, हे आपण स्वतः समजून घेतले पाहिजे.

नॉर्वेच्या राज्यशास्त्रज्ञ फ्रान्चेस्का येन्सेनियस यांनी १५ राज्यांतील ३,१०० हून अधिक विधानसभा मतदारसंघांची १९७१ व २००१ या वर्षांतील स्थिती ताडून पाहिली. मूळची स्थिती सारखी असलेले राखीव व सर्वसाधारण मतदारसंघ त्यांनी एकमेकांशेजारी मांडले. तीस वर्षांनंतर साक्षरता, रोजगार, गावांतील सोयी यांत दोहोंमध्ये म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाही.

यावरून कोणी म्हणेल, "मग राखीव जागा हव्यात कशाला?" अशा गृहस्थास आमचा उलट प्रश्न आहे. राखीव जागेवरून नालायक माणसे निवडून येतात आणि राज्यकारभाराचा विचका होतो, असे जे वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्याचे काय झाले? हीच आकडेवारी तो आरोप खोटा पाडते. आपला आमदार इतरांपेक्षा कमी ठरला नाही. मात्र आपल्या वस्तीसाठी तो इतरांपेक्षा अधिकही करू शकला नाही, हे कटू सत्य आपण गिळले पाहिजे. त्याचे कारणही उघड आहे. तिकीट पक्ष देतो आणि मतदारसंघातील बहुसंख्य मते इतरांची असतात. ज्याच्या मतावर माणूस निवडून येतो, त्याचेच तोंड तो पाहतो. १९३२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह धरला, तो हाच धोका ओळखून. पुणे कराराने जागा वाढल्या. पण मतदारसंघ संयुक्त झाला.

तथापि सर्वच फायदा नळ आणि रस्ते यांत मोजता येत नाही. सिमाँ शोशार या संशोधकांनी राजस्थानातील खेड्यांत, जेथे राखीव सरपंचपद येऊन गेले होते, तेथील सवर्णांच्या मनाचा ठाव घेतला. दलितांविषयीचे त्यांचे ग्रह सुधारले नव्हते. परंतु भेदभाव उघडपणे आचरण्याची त्यांची छाती कमी झाली होती. मन बदलले नाही, वागणूक बदलू लागली. ज्याने पाणवठ्यावरचा अपमान सोसला आहे, त्याला या बदलाचे मोल सांगावे लागत नाही.

सारांश, राखीव जागा ही ढाल आहे. ती नांगराचे काम करील अशी अपेक्षा धरून ढाल फेकून देणे हा आत्मघात होय. नांगर आपणच धरला पाहिजे. निवडून आलेल्या प्रतिनिधीस वस्तीत बोलावून हिशेब विचारावा, पक्षांतर्गत उमेदवारीचा निर्णय दुसऱ्यांवर सोपवू नये, आणि आपल्या मुलामुलींना राज्यशास्त्र व संख्याशास्त्र शिकवावे. आजवर आपली मोजदाद दुसऱ्यांनी केली. यापुढे मोजणारे हातही आपले असावेत.