मले, तुले आणि भारत गणेशपुरे

वर्गात कुणी 'मले' म्हटले की 'मला म्हण' असे आम्ही लगेच टोकतो. राजापेठच्या आमच्या मुलांची घरी उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि पुस्तकात तिसरीच मराठी. दोनदा टोकले की लेकरू गप्प बसते. परवा एकाने विचारलेच, "मंग गणेशपुरेले काऊन नाई टोकत कोनी?"

भारत गणेशपुरे आपल्या अमरावतीचेच. 'फू बाई फू' आणि २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या' यांतून त्यांची वऱ्हाडी घरोघरी पोचली. चेहरा ढिम्म, आवाज संथ, आणि समोरचे लोटपोट. २००९च्या 'निशाणी डावा अंगठा'तही ते होते. साक्षरता मोहिमेला जुंपलेल्या गुरुजींची ती गोष्ट, आम्हा शिक्षकांना जरा झोंबणारीच! नायक न होताही माणूस लक्षात राहतो, तो असा.

एक मात्र खटकते. वऱ्हाडी पडद्यावर आली की बहुधा हसवायलाच येते. आमच्याकडे याच बोलीत लोक कर्जाचे बोलतात, मयतीच्या घरी धीर देतात. गणेशपुऱ्यांना तसे बोलताना पाहायला आम्हाला आवडेल.

पेपरात 'मला'च लिहायचे, असे त्या पोराला सांगितले आहे. तोंडी उत्तराला टोकणे मात्र आम्ही सोडले.