मैफिलीचा श्रोता

जबलपूर ज्या प्रांतात १९५६ पर्यंत मोडत असे, त्याची राजधानी नागपूर होती. कचेऱ्या, रेल्वे आणि तोफगाड्यांचा कारखाना यांच्या चाकरीनिमित्त जबलपुरात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी गाण्याची ओढही सोबत आणली, आणि इथल्या घमापूर वस्तीतला रसिक आजही अलाउद्दीन खाँसाहेबांच्या मैहरला, तानसेनाच्या ग्वाल्हेरला, क्वचित पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही मोठ्या निष्ठेने जातो.

घरबसल्या सारे ऐकू येत असताना हे कष्ट कशासाठी, असे पुष्कळजण विचारतात. जुन्या तबकडीवर गवयाला जेमतेम तीन मिनिटांत राग आटोपावा लागे. आज ती अडचण उरली नाही, तरी ध्वनिमुद्रणात श्रोत्याकडून कलावंताला काहीच देता येत नाही. मैफिलीत तंबोऱ्याच्या तारेखालचा सुताचा धागा तसूभर सरकवून कलावंत जवारी साधतो, तबलजी हातोडीने गजऱ्यावर हलकेच ठोकून पुडी स्वराला मिळवतो, आणि विलंबित ख्यालाची बंदिश समेवर आली की पुढच्या रांगेतून सहज उमटलेली दाद गायकाला पुढच्या आवर्तनात अधिक धीट करते. ही देवाणघेवाण हाच मैफिलीचा प्राण, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून विलंबित संपता संपता येणाऱ्या आणि भैरवीपूर्वीच उठणाऱ्या मंडळींना आमची कळकळीची विनंती : तंबोरे जुळण्यापूर्वी या, शेवटपर्यंत बसा, आणि घरातल्या मुलांनाही बरोबर आणा.