वाऱ्याला महापालिकेची हद्द कळत नाही

हिवाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या बाह्यरुग्ण विभागांत खोकला, दमा आणि धाप लागणाऱ्या रुग्णांची रांग वाढते. थंडीत जमिनीलगतची हवा गार होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते, समुद्रावरचा वाराही मंदावतो. मग वाहने, कारखाने, बांधकामे, खडी क्रशर आणि जाळलेला कचरा यांचा धूर व धूळ खालीच साचून राहते. तळोजे किंवा डोंबिवलीचा धूर तिथेच थांबत नाही, मुंबईची धूळही मुंबईत राहत नाही.

कारभार मात्र हद्दी आखून चालतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मुंबई, नवी मुंबई, उल्हासनगर, बदलापूर ही शहरे स्वतंत्रपणे मोजली जातात. प्रत्येकाचा आराखडा वेगळा. लगतची गावे आणि औद्योगिक पट्टे यादीत नसतील, तर तिथल्या प्रदूषणाचा जाब कोणाला विचारायचा?

दुसरी अडचण मोजमापाची. या कार्यक्रमाचे उद्दिष्ट प्रामुख्याने पीएम 10, म्हणजे तुलनेने जाड धूलिकण कमी करण्याचे आहे. त्यामुळे रस्ते धुणे, पाणी फवारणे यांवर भर राहतो. फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचून हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवणारे पीएम 2.5 कण मुख्यतः ज्वलनातून येतात. ते पाण्याच्या फवाऱ्याने आटोक्यात येत नाहीत.

तिसरी गोष्ट शब्दांची. हवेचा निर्देशांक 101 ते 200 असला की हवा ‘मध्यम’ म्हटली जाते. पीएम 2.5 च्या बाबतीत याचा अर्थ घनमीटरमागे 61 ते 90 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा आहे 15. ‘मध्यम’ वाचून दम्याचे मूल खेळायला पाठवणाऱ्या आईचा यात काय दोष?

दिल्ली परिसरासाठी 2021 मध्ये कायदा करून स्वतंत्र आयोग नेमला गेला. तिथली हवा त्याने सुधारली, असे म्हणता येणार नाही. पण शेजारच्या राज्यांना एका चौकटीत आणावे लागते, हे त्यातून मान्य झाले. मुंबई महानगर प्रदेश एकाच राज्यात आहे, म्हणजे इथे हे काम सोपे असायला हवे. साऱ्या प्रदेशासाठी एकच आराखडा, औद्योगिक पट्ट्यांत व गावांतही पीएम 2.5 मोजणारी केंद्रे आणि निर्देशांक चढताच कोणती कामे थांबतील याचे आधीच ठरलेले नियम, एवढे तरी व्हावे. हे आकडे रोज सरकारी रुग्णालयांनाही मिळावेत. म्हणजे नेब्युलायझर, औषधे आणि खाटांची तयारी रुग्ण येण्याआधी करता येईल.

तोवर दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी सकाळच्या धुरकट वेळी बाहेरचा व्यायाम टाळावा, इनहेलर जवळ ठेवावा. पण श्वास किती घ्यायचा हे रुग्ण ठरवू शकत नाही. हवा कशी असावी, हे सरकारनेच ठरवायचे आहे.