हौशी कोणाला म्हणावे?

भिलाईहून एका वाचकांनी आम्हांस दीर्घ पत्र लिहिले आहे. त्यांच्या सेक्टरात महाराष्ट्रीय, छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, मल्याळी आणि पंजाबी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. सायंकाळी एकाच पटांगणावर मुले तीनचार निरनिराळे खेळ मांडतात व जागेवरून भांडतात. म्हणून काही पालकांनी एक हौशी क्रीडामंडळ काढावयाचे ठरविले. पहिलीच बैठक मात्र अर्ध्यावर मोडली. सेक्टराबाहेरच्या वस्तीत ठेकेदाराकडे रोजावर काम करणाऱ्यांची मुले राहतात. ती अनवाणी खेळावयास येतात. त्यांस सभासद करून घ्यावे काय, असा प्रश्न निघाला. तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "मंडळ हौशी आहे, ज्यांना हौस परवडते त्यांच्यासाठी." पत्रलेखकांचा पुतण्या मेलबर्नला असतो व तेथे एका हौशी फुटबॉल मंडळात खेळतो. तिकडे हा शब्द कसा वापरतात व आपल्याकडे कसा वापरावा, असे त्यांनी विचारले आहे.

प्रथम मेलबर्नकडे वळू. पत्रातील पुतण्या खेळतो तो फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. तो लंबगोल मैदानावर, लंबगोल चेंडूने, एका बाजूस अठरा गडी घेऊन खेळतात. चेंडू हातात घेऊन पळता येते, मुठीने ठोसून साथीदाराकडे देता येतो आणि लाथेने दूर उडविता येतो. प्रत्येक टोकास चार खांब असतात. मधल्या दोहोंतून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. ह्या खेळाचा जन्म क्रिकेटपटूंच्या चिंतेतून झाला. १८५८ च्या जुलैत टॉम विल्स ह्या क्रिकेटपटूने वृत्तपत्रात पत्र लिहून सुचविले की, हिवाळ्यात खेळाडूंची शरीरे सुस्तावू नयेत म्हणून एखादे फुटबॉल मंडळ काढावे व नियम ठरविण्यास एक समिती नेमावी. पुढील वर्षी, १७ मे १८५९ रोजी, मेलबर्नच्या एका हॉटेलात काही मंडळी बसली आणि त्यांनी दहा नियम लिहून काढले. त्यांतील काहींनी इंग्लंडच्या निरनिराळ्या शाळांत शिक्षण घेतले होते. प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा, त्यामुळे ज्याला त्याला आपलाच खेळ खरा वाटे. तडजोड म्हणून त्यांनी कोणाचाच खेळ जसाच्या तसा घेतला नाही. भिलाईच्या पटांगणावरील मंडळींस ही गोष्ट ऐकून हायसे वाटावे.

पुढे ह्या खेळात पैसा आला. १८९२ मध्ये मेलबर्नच्या काही मंडळांनी एक संघटना उभारली होती. खेळाडूला खेळण्याबद्दल मोबदला द्यावयाचा नाही, हे पुढे तिचे सूत्र झाले. व्हिक्टोरियाची हौशी फुटबॉल संघटना म्हणून ती आजही चालू आहे. १९५६ साली मेलबर्नला ऑलिंपिक भरले तेव्हा यजमानांचा खेळ म्हणून ह्या फुटबॉलचा एक प्रदर्शनीय सामना ठेवण्यात आला. ऑलिंपिकच्या त्या काळच्या दंडकानुसार मैदानावर केवळ हौशी खेळाडूच उतरू शकत होते. त्यामुळे ज्यांची नावे शहरात घरोघर ठाऊक होती ते मोबदला घेणारे खेळाडू बाहेर राहिले. हौशी संघटनेच्या संघाने तो सामना ८१ विरुद्ध ५५ गुणांनी जिंकला. आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे येथे स्मरण होते. १९१४ साली स्थापन झालेल्या ह्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. भारतीय कबड्डी युरोपास दिसली ती अशा हौशी मंडळामुळे.

परंतु भिलाईच्या बैठकीतील वादाचे मूळ अन्यत्र आहे, आणि ते फारसे गौरवास्पद नाही. इंग्लंडात १८६६ साली स्थापन झालेल्या एका हौशी मैदानी संस्थेने आपल्या नियमांत स्पष्टच लिहिले होते की, यांत्रिक, कारागीर अथवा मजूर हा हौशी गणला जाणार नाही. त्याने खेळून एक छदामही मिळविला नसला तरी नाही! अंगमेहनतीने पोट भरणाऱ्याचे शरीर आधीच कसलेले असते, तेव्हा त्याच्याशी स्पर्धा न्याय्य नव्हे, असा युक्तिवाद केला जाई. खरे कारण मजुराकडून हरण्याची धास्ती हेच असावे, असे आम्हांस वाटते. १८८० मध्ये नव्या संघटनेने हे कलम वगळले. म्हणजे आपले हे भिलाईकर गृहस्थ जे बोलले ते इंग्लंडनेदेखील पावणेदोनशे नव्हे, तरी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी सोडून दिलेले मत होते.

आता पुण्याची हकीकत सांगतो. पत्रलेखकांस उपयोगी पडेल ती हीच. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली पुण्यात स्थापन झाली. चालविणारे सुशिक्षित, शहरी, मध्यमवर्गीय. खो-खोचे पहिले लिखित नियम १९१४ साली ह्याच संस्थेच्या समितीने तयार केले. तोवर हा खेळ गल्लोगल्ली आपापल्या रीतीने चाले. १९१९ च्या सुमारास सर दोराबजी टाटा संस्थेचे अध्यक्ष असताना वार्षिक मैदानी शर्यतींस उपस्थित राहिले. तेथे त्यांनी काय पाहिले, हे त्यांनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस पत्राने कळविले आहे. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातील होते. पायांत काही नाही, शिक्षण नाही, शर्यतीचे नियम धड माहीत नाहीत; तरी त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जात होत्या. टाटांनी इंग्लंडात शिकताना तिकडचे खेळ जवळून पाहिले होते, म्हणून ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला ह्यांतील काहींना पाठवावे, ही कल्पना तेथे जन्मली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांचे साहाय्य मिळाले आणि सरकार, जनता व स्वतः टाटा ह्यांच्या पैशांतून खर्चाची जुळणी झाली.

संयोजकांचे अज्ञान केवढे होते ह्याचा एक किस्सा सांगतात. शंभर मीटरची शर्यत ऑलिंपिकात किती वेळात धावतात, असे विचारता एका प्रतिष्ठित सभासदांनी अंदाज केला की, एखाद-दोन मिनिटे लागत असतील. तेथे सेकंदाच्या अंशांचा हिशेब असतो हे ऐकून ते अवाक् झाले. हसू येते खरे, परंतु ह्याच मंडळींनी संघ पाठवून दाखविला हे विसरता येत नाही.

संघ लहान होता. धावपटूंत पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी. मल्लांत कुमार नवले व रणधीर शिंदे. बोटीने लंडन, तेथे काही आठवडे सराव, मग अँटवर्प. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२,७५० मीटरांची, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब पल्ल्याची होती. बेळगावचे चौगुले ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावे आले. रणधीर शिंदे कुस्तीच्या फेदरवेट गटात चौथे आले. पदक एका पायरीने हुकले. स्वतंत्र भारताच्या मल्लाला वैयक्तिक पदक मिळण्यास १९५२ चे हेलसिंकी व खाशाबा जाधव ह्यांची वाट पाहावी लागली.

ह्यात आमच्या भिलाईकर मित्रांनी एवढेच पाहावे : १९१९ च्या त्या शर्यती केवळ वर्गणीदार सभासदांपुरत्या असत्या, तर सर दोराबजींना वकील आणि प्राध्यापक धापा टाकताना दिसले असते, आणि ते चहा घेऊन मुंबईस परतले असते. सभासद कोण आणि मैदानावर कोण, हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येतात. मंडळाचा कारभार वर्गणी देणाऱ्यांनी चालवावा, खेळ मात्र परिसरातील प्रत्येक मुलास खुला असावा. हौशी ह्या शब्दाचा अर्थ खेळाचे पैसे न घेणारा इतकाच घ्यावा. खेळासाठी पैसे बाळगणारा असा घेऊ नये.

भिलाईचा स्वतःचा इतिहासही ह्याच बाजूने साक्ष देतो. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे कामासाठी आली. कोणी कोणाची वर्गवारी विचारीत बसले असते तर भट्टी पेटली नसती. खेळाचे म्हणाल तर प्रशिक्षक राजेश पटेल ह्यांनी भिलाईत घडविलेल्या मुलींनी बास्केटबॉलमध्ये छत्तीसगढास राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. पत्रात मुलींच्या खेळाविषयी एक ओळही नाही, हे जाता जाता नमूद करतो.

कोणता खेळ निवडावा ह्याविषयी आमचे मत असे की, एकच निवडू नये. आठवड्याचे वार वाटून घ्यावेत आणि प्रत्येक खेळाचे नियम कागदावर उतरवून हिंदी व मराठी प्रती पटांगणालगतच्या फळ्यावर लावाव्यात. भांडण जागेवरून क्वचितच होते. बहुधा "आमच्याकडे असेच खेळतात" ह्यावरून होते. बुटांची सक्ती करू नये. खो-खो व कबड्डीस त्यांची गरज नाही, आणि हॉकी-फुटबॉलसाठी मंडळाने काही जोड सामायिक ठेवावेत. वर्गणी किती असावी व हिशेब कोणी ठेवावा, हे पत्रलेखकांचे उरलेले दोन प्रश्न पुढील अंकी घेऊ.