आयतं जहाज घेऊ नका

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे राहायला आला होता. वय सोळा. ‘एलीट डेंजरस’ हा अंतराळातला खेळ सवलतीत मिळतोय म्हणून त्याने तो घेतला, दोन दिवस रात्री जागून खेळला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, “आत्या, तुझं कार्ड दे ना. एक जहाज घ्यायचंय.”

जहाज कोणतं, ते मी विचारलं. त्याने मोबाइलवर ‘चीफ्टन’ दाखवलं. तोफा, ढाली, इंजिन, सगळं बसवून तयार. थार्गॉइड नावाच्या परग्रहवासीयांशी लढायला सज्ज. पैसे भरा, बसा, निघा.

मी कार्ड दिलं नाही. त्याला तेव्हा जे थोडक्यात सांगितलं, ते आज इथे नीट मांडते, कारण हाच प्रश्न या सदराच्या वाचकांकडूनही येत असतो.

आधी खेळाविषयी. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने ‘एलीट डेंजरस’ डिसेंबर २०१४ मध्ये आणला. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांच्या १९८४ च्या ‘एलीट’चा हा वारस. आपली आकाशगंगा त्यात खऱ्या मापाची आहे, सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांची. सुरुवातीला हातात साइडवाइंडर हे चिमुकलं जहाज आणि हजार क्रेडिट मिळतात. पुढचं सगळं तुम्ही कमवायचं. निदान तशी रीत होती. २०१९ मध्ये ‘आर्क्स’ हे खऱ्या पैशांनी घ्यायचं चलन आलं, तेव्हा त्यातून रंगरंगोटी आणि सजावट मिळायची. २०२४ मध्ये त्याच दुकानात सज्ज जहाजं आली.

आता माझा अनुभव. खेळायला लागून महिना झाला असेल. नवंकोरं कोब्रा घेऊन मी वस्तीपासून बरीच लांब गेले होते. ताऱ्याजवळून उडत इंधन भरून घेता येतं, एवढं मला माहीत होतं. ते सगळ्याच ताऱ्यांवर मिळत नाही, हे माहीत नव्हतं. एकामागून एक तपकिरी बटू तारे लागले आणि टाकी कोरडी पडली. इंजिन बंद, दिवे बंद, काचेवर बर्फाची नक्षी आणि कोपऱ्यात प्राणवायूची उलटी मोजणी. पाच मिनिटं. मी घाईघाईने खेळातून बाहेर पडले आणि ‘फ्युएल रॅट्स’ना हाक घातली. ही खेळाडूंनीच चालवलेली मदत संघटना. अडकलेल्याला फुकट इंधन नेऊन देणं हेच तिचं काम. त्यांचा पहिला प्रश्न होता, प्राणवायूची मोजणी सुरू आहे का? मग पुन्हा आत कधी यायचं आणि आल्या आल्या काय काय करायचं, ते एकेक करून सांगितलं. काही वेळाने एक अनोळखी माणूस काळोखातून शेजारी येऊन थांबला, इंधन दिलं आणि जाताना शिकवून गेला: के, जी, बी, एफ, ओ, ए, एम. या वर्गाच्या ताऱ्यांवरच इंधन मिळतं. ही सात अक्षरं मी जन्मात विसरणार नाही. हा खेळ मी आजही खेळते, त्याचं कारण ती रात्र आहे.

आयत्या जहाजाबरोबर ही रात्र मिळत नाही. जहाजाबरोबर ज्ञानही मिळत नाही. चीफ्टन घेऊन नवखा मुलगा थार्गॉइडवर चालून गेला, तर काय होईल? त्या राक्षसी जहाजाची ‘हृदयं’ एकेक करून उघडी पाडून फोडायची असतात. मध्येच ते अशी लहर सोडतं की तुमची सगळी यंत्रं बंद पडतात. जहाज किती तापू द्यायचं, किती अंतर राखायचं, हे हाताला सवयीचं व्हावं लागतं. तोफा विकत मिळतात, सवय मिळत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. या खेळात जहाज फुटलं की ते परत मिळवायला किमतीच्या पाच टक्के भरावे लागतात. तेवढे खात्यात नसतील तर जहाज गेलं. म्हणून जुने खेळाडू नव्यांना पहिल्यांदा हेच बजावतात, की ‘रीबाय’चे पैसे नसतील तर उडू नका. आर्क्सने घेतलेलं सज्ज जहाज फुटलं तर ते तसंच्या तसं परत मिळतं, शून्य क्रेडिटमध्ये. सोय वाटते, पण काळजाचा ठोका चुकण्याचा क्षणच त्यातून काढून टाकला आहे. ज्याच्या जाण्याचं काहीच वाटत नाही, ते आपलं कसं म्हणायचं?

यावर एक म्हणणं मी गंभीरपणे घेते. नोकरी, प्रवास, घर, मुलं; ज्यांना आठवड्याला जेमतेम दोन तास मिळतात, त्यांनी वर्षानुवर्षं घासत बसायचं का? नाही. पण आता तेवढं घासावं लागतही नाही. ‘ओडिसी’ विस्तार असेल तर पायी उतरून सजीवांचे नमुने घ्या. ‘स्ट्रॅटम टेक्टोनिकस’च्या एका नोंदीला सुमारे १ कोटी ९० लाख क्रेडिट मिळतात. त्या ग्रहावर पहिलं पाऊल तुमचं असेल तर त्याच्या पाचपट. अ‍ॅनाकोंडासारखं १४ कोटींच्या पुढचं जहाज त्यातून काही निवांत संध्याकाळींत होतं. नवी जहाजंसुद्धा थोडा धीर धरला तर क्रेडिटवर मिळतात. पायथन मार्क टू मे २०२४ मध्ये आधी आर्क्सवर आलं आणि तीन महिन्यांनी क्रेडिटवर खुलं झालं.

कंपनीलाही पैसे हवेत, हे मला मान्य आहे. या खेळाला मासिक वर्गणी नाही आणि सर्व्हर फुकट चालत नाहीत. म्हणून मी विस्तार विकत घेतले, जहाजांचे रंग घेतले, पुढेही घेईन. रंगामुळे कुणाच्या कष्टांची किंमत कमी होत नाही.

हा फरक ‘ईव्ह ऑनलाइन’च्या खेळाडूंनी फार आधी ओळखला. रेक्याविकच्या सीसीपीचा हा खेळ २००३ पासून चालू आहे. त्यातली जहाजं खेळाडूच खनिजं खोदून, कारखाने चालवून बांधतात आणि बाजारात विकतात. जून २०११ मध्ये कंपनीने सुमारे ६० डॉलरचा एक शोभेचा चष्मा विकायला काढला. त्याच सुमारास कंपनीचं एक अंतर्गत पत्रक फुटलं आणि त्यात जहाजं, दारूगोळा पैशांनी विकण्याची चर्चा निघाली. खेळाडू जीटा या बाजारपेठेत जमले आणि तिथल्या स्मारकावर गोळ्यांचा वर्षाव करत राहिले. त्यांच्या प्रतिनिधींना आइसलँडला बोलावून घ्यावं लागलं. पुढे जानेवारी २०१४ मध्ये बी-आर ५ आर बी इथल्या लढाईत ७५ टायटन जहाजं एका दिवसात नष्ट झाली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. ती बातमी झाली, कारण त्यातलं प्रत्येक टायटन कुणीतरी महिनोन्‌महिने राबून उभं केलेलं होतं.

‘स्टार सिटिझन’बद्दल एवढंच सांगते. २०१२ पासून लोकवर्गणीवर चाललेल्या या खेळात, अजून उडतही नाहीत अशी जहाजं चित्रं दाखवून विकली गेली आहेत. २०१८ मध्ये जहाजांचा एक संच २७ हजार डॉलरला ठेवला होता. तिथे कुणी मोठी रक्कम घालणार असेल, तर मी हात जोडून सांगेन, थांबा.

पालकांसाठी एक खुलासा. २०२५ च्या कायद्याने देशात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, ती या खेळांना लागू नाही. इथे पैज नाही, जिंकलेली रक्कमही नाही. म्हणूनच इथे गेलेला रुपया परत येण्याचा प्रश्नच येत नाही. मुलाला कार्ड देण्याआधी अर्धा तास त्याच्या शेजारी बसा आणि तो काय खेळतोय ते बघा.

भाचा दोन दिवस रुसला होता. मग त्याने साइडवाइंडरमधूनच सामान वाहायला सुरुवात केली. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, “आत्या, कोब्रा घेतलं. माझ्या पैशांनी.” त्यावर चढवायला रंग हवा होता त्याला. तो मी घेऊन दिला.