सव्विसाव्या वर्षी विमा घ्यावा का?

अमेरिकेतल्या आरोग्य विम्याच्या सरकारी बाजारपेठेत २०२१ पासून मिळणारं वाढीव अनुदान ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं. ते पुढे चालू ठेवायचं की नाही, या वादात आधी सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प झालं होतं, तरीही तोडगा निघाला नाही. ज्यांचे हप्ते एकदम वाढले त्यांत साठी ओलांडलेले पण अजून मेडिकेअरच्या वयाला न पोचलेले लोक आहेत, तसेच पंचविशी-तिशीतले तरुणही आहेत. पहिल्यांना विमा सोडून चालणारच नाही. दुसरे मात्र, सव्विसाव्या वर्षी आईवडिलांच्या विम्यातून बाहेर पडले की, विचारतात, ‘मला काय होतंय? मी कशाला भरू?’ न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या मराठी घरांतही हा प्रश्न निघतो आणि आईवडील बहुतेक वेळा एका वाक्यात तो मिटवून टाकतात. तो इतक्या सहज मिटण्यासारखा नाही.

ही बाजारपेठ उभारणारा, ओबामांनी २३ मार्च २०१० ला सही केलेला कायदा तरुणांच्याच भरवशावर उभा होता. आजारी माणसाला विमा नाकारायचा नाही आणि आजारपणासाठी त्याच्याकडून जादा पैसेही घ्यायचे नाहीत, असं कंपन्यांना बजावलं गेलं. मग हा खर्च भागवायला हप्ता भरणारी पण क्वचितच दवाखान्यात जाणारी माणसं हवीत. २०१४ साठीच्या पहिल्या नोंदणीत ७० लाख लोक येतील आणि त्यांत सुमारे २७ लाख तरुण असतील, असं सरकारचं गणित होतं. प्रत्यक्षात ८० लाख आले, पण १८ ते ३४ वयाचे २८ टक्केच. विमा न घेणाऱ्याला दंड होता. २०१६ पर्यंत तो ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांतलं जे जास्त असेल तितका झाला. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये तो कर म्हणून वैध ठरवला. पुढे डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून तो शून्यावर आणला. म्हणजे केंद्राचा धाक आधीच गेला होता, आता सवलतही आटली.

अशा वेळी ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाचं म्हणणं नीट ऐकून घेतलं पाहिजे. चौसष्ट वर्षांच्या माणसाचा वैद्यकीय खर्च एकविशीतल्यापेक्षा साधारण पाचपट धरला जातो, पण कायदा हप्त्यात तिपटीहून जास्त फरक करू देत नाही. मधली तूट तरुणाच्या खिशातून भरली जाते. न्यूयॉर्क राज्यात तर वयाचा फरकच मान्य नाही. जर्सी सिटीतली मुलगी हडसन ओलांडून ब्रुकलिनला राहायला गेली, तर एकाच योजनेत तिचा हप्ता आणि साठीच्या शेजाऱ्याचा हप्ता सारखाच.

त्यात योजना कोणती परवडते, तर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या पायऱ्यांतली ब्राँझ. हप्ता त्यातल्या त्यात कमी, पण डिडक्टिबल सात हजार डॉलरच्या आसपास असणं सर्रास. वार्षिक तपासणी, लसी यांसारख्या गोष्टी फुकट. बाकी बहुतेक खर्चात तेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून गेल्यावरच कंपनी हात लावणार. सरकारच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या संकेतस्थळावर विमा का घ्यावा हे सांगताना मोडलेल्या पायाचं उदाहरण दिलं आहे: खर्च साडेसात हजार डॉलरपर्यंत. हिशेब मांडून पाहा. वर्षभर हप्ते भरून पाय मोडला, तर बहुतेक रक्कम पुन्हा आपणच भरायची. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असलेल्या आणि पगारातला मोठा भाग घरभाड्यात घालवाव्या लागणाऱ्या मुलाने हे गणित केलं आणि तो थबकला, तर त्याला बेजबाबदार म्हणता येणार नाही.

उत्पन्न अनिश्चित असेल तर अडचण आणखी वाढते. २०२६ मध्ये एकट्या माणसाचं वार्षिक उत्पन्न ६२,६०० डॉलरच्या वर गेलं की अनुदान पूर्ण बंद. शिवाय आगाऊ घेतलेलं अनुदान जास्त ठरलं तर याच वर्षापासून ते सगळं परत करावं लागणार आहे. पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना त्यावर मर्यादा होती. फ्रीलान्स डिझाइन करणाऱ्या किंवा कंत्राटावर कोडिंग करणाऱ्या मुलाला डिसेंबरात एक बरं काम मिळालं, तर तेच त्याला महागात पडू शकतं. उलट टेक्ससमध्ये मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा विस्तारच झालेला नाही. तिथे दारिद्र्यरेषेखालच्या एकट्या, धडधाकट तरुणाला मेडिकेडही नाही आणि अनुदानही नाही.

‘तूही एक दिवस साठीचा होशील, तेव्हा दुसरे तुझ्यासाठी भरतील’ हे उत्तर मला तत्त्व म्हणून पटतं. पण ते वचन पाळायचं ते अमेरिकी काँग्रेसने, आणि गेल्या काही वर्षांत तिथे काय झालं ते तरुणांनी पाहिलं आहे. त्यांना केवळ कर्तव्याची आठवण करून देऊन भागणार नाही.

तरीही पारडं मला दुसऱ्या बाजूला झुकलेलं दिसतं. मोडलेला पाय हे उदाहरणच चुकीचं निवडलं आहे. त्याच संकेतस्थळावर पुढे लिहिलं आहे, की तीन दिवस रुग्णालयात राहण्याचा सरासरी खर्च सुमारे तीस हजार डॉलर. अपेंडिक्स फुटणं, हायवेवरचा अपघात, विशीत होणारे काही कर्करोग यांची बिलं त्याच्याही पुढे जातात. विमा असेल तर २०२६ मध्ये नेटवर्कमधल्या उपचारांसाठी एका व्यक्तीच्या खिशातून वर्षाला १०,६०० डॉलरपेक्षा जास्त जाऊ शकत नाहीत. रक्कम मोठीच आहे, पण तिला शेवट आहे. विमा नसलेल्या माणसाच्या बिलाला असा शेवट नसतो. १९८६ च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सी रूम कोणाला परत पाठवू शकत नाही, हे खरं. पण तिथे प्रकृती स्थिरावण्यापुरते उपचार होतात, बिल घरी येतं आणि पुढची शस्त्रक्रिया, केमो, फिजिओथेरपी ज्याची त्याने पाहायची. धर्मादाय मदत मिळू शकते, पण ती उत्पन्न तपासून.

‘आजारी पडलो की घेईन’ हा हिशेबही चालत नाही. आजार असला म्हणून आता नकार मिळत नाही, पण नोंदणीचे दिवस ठरलेले असतात. दारं वर्षातून एकदाच, नोव्हेंबरपासून काही आठवडे उघडतात. मार्चमध्ये निदान झालं तर पुढच्या जानेवारीची वाट पाहायची. तहान लागल्यावर विहीर खणायची सोय इथे ठेवलेलीच नाही.

माझ्या दृष्टीने निर्णय ठरवणारी गोष्ट मात्र आणखी वेगळी आहे. अमेरिकन कायदा सज्ञान मुलाला वेगळा माणूस मानतो. त्याच्या बिलाची जबाबदारी आईवडिलांवर नसते. मराठी घर असं मानत नाही. मुलगा आयसीयूत असेल तर बाप निवृत्तीचा निधी मोडतो, आई घरावर कर्ज काढायला सांगते आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गोफंडमीची लिंक फिरू लागते. तिथे पदवीदान समारंभातला हसरा फोटो असतो, खाली लाखभर डॉलरचं उद्दिष्ट आणि त्याखाली ओळखीच्यांच्या पन्नास-शंभर डॉलरच्या नोंदी. पुण्याहून एमएस करायला आलेल्या मुलीचं हेच होतं. पदवीनंतर विद्यापीठाचा विमा संपतो, ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, मिळालेल्या छोट्या कंपनीत तो नसतो, आणि संकट आलं तर कोथरूडचा फ्लॅट विकायची भाषा सुरू होते. २०२७ पासून तर विद्यार्थी आणि एच-वन-बी व्हिसावरच्यांना बाजारपेठेतलं अनुदानही मिळणार नाही. म्हणून ‘माझी जोखीम मी घेतो’ हे मुलाचं वाक्य मनापासूनचं असलं तरी खरं नाही. जोखीम घरातले सगळे घेतात, त्यांना न विचारता.

मग विमा घ्यावा, पण गोल्ड घेऊ नये. निरोगी, एकट्या तरुणाला ब्राँझ पुरे. २०२६ पासून सगळ्या ब्राँझ योजनांबरोबर एचएसए हे उपचारांसाठीच्या करमुक्त बचतीचं खातं उघडता येतं. तिथे दरमहा थोडे पैसे टाकत गेलं तर डिडक्टिबलची भीती हळूहळू कमी होते. तिशीच्या आतल्यांना काही ठिकाणी त्याहून स्वस्त पडणारी कॅटास्ट्रॉफिक योजनाही मिळते, पण तिच्यावर अनुदान नाही. एखाद्या मुलाला औषध नियमित लागत असेल, तर त्याचं गणित वेगळं, त्याने सिल्व्हरपासून पाहावं. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात, मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचा दंड अजून आहे, तो हिशेबात धरावा. आणि तरुणांनी यावं असं वाटत असेल तर वॉशिंग्टनने हप्ता खाली आणावा. दंडाने पुरेसे तरुण आले नव्हते, आवाहनांनी तर नाहीच.

आईवडिलांना एवढंच सांगणं आहे. नोकरीतून मिळालेल्या अनेक विम्यांत मुलाचं नाव सव्विसावा वाढदिवस असलेल्या महिन्याच्या अखेरीस वगळलं जातं. तुमच्या योजनेत नेमकी तारीख कोणती, हे एचआरला आजच विचारा. न्यू जर्सीत राहत असाल तर अविवाहित, मूलबाळ नसलेल्या मुलाला काही योजनांत एकतिसाव्या वर्षापर्यंत ठेवता येतं, तेही विचारा. विमा गेल्यानंतर नवा घ्यायला साठ दिवस मिळतात. ते हुकले तर पुढची नोंदणी थेट नोव्हेंबरात.