शिशिरात येणारी वसंतपंचमी

माघ शुद्ध पंचमीस आपण वसंतपंचमी म्हणतो. परंपरागत गणनेप्रमाणे माघ आणि फाल्गुन हे शिशिराचे महिने असून वसंताचा अधिकार चैत्र-वैशाखांवर आहे. मग ज्या दिवसांत पहाटेचा गारवा सरलेला नाही आणि पानगळही संपलेली नाही, त्या दिवसांतील एका तिथीला आपल्या पूर्वजांनी वसंताचे नाव का द्यावे? पंढरपुरी याच दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो आणि तेव्हापासून रंगपंचमीपर्यंत देवास शुभ्र पोशाख करून त्यावर गुलालाची उधळण केली जाते. अनेक घरांत आंब्याचा मोहोर आणि गव्हाच्या ओंब्या देवापुढे ठेवतात. शिशिरात वसंताचे हे पूजन कशासाठी?

आम्हांस असे वाटते की, या प्रश्नाचे उत्तर पोथीत शोधण्यापूर्वी अंगणाबाहेर शोधावे. वसंत एका रात्रीत येत नाही. तो प्रथम एखाद्या फांदीवर येतो, मग एखाद्या झाडावर आणि पुष्कळ दिवसांनी रानावर येतो. त्याची ती पहिली खूण ज्यांना दिसली त्यांनी त्या खुणेलाच सण मानले. वसंतपंचमी हा वसंताच्या वैभवाचा नव्हे, त्याच्या चाहुलीचा उत्सव आहे. आणि चाहूल ही ज्याचे लक्ष आहे त्यालाच लागते.

या दिवसांतील खुणा पाहाव्यात. आंब्याचा मोहोर पौष-माघात दरवळू लागतो. एकेका तुऱ्यावर शेकडो फुले असतात, परंतु शंभरांतील एकाचेही पिकलेले फळ होत नाही. त्या फुलांवर माश्यांची आणि मधमाश्यांची गर्दी असते. ज्या क्षुद्र माशीला आपण हाकलतो तिच्याच श्रमांवर पुढे अक्षय्यतृतीयेचा आमरस अवलंबून असतो. माळरानावरचा पळस या सुमारास पाने गाळून उभा राहतो. त्याच्या काळपट, मखमली कळ्यांच्या रांगा प्रथम दिसतात आणि थोड्याच दिवसांत त्यांतून केशरी ज्वाळा बाहेर पडतात. ज्या पळसाची समिधा होमात पडते आणि ज्याचा दंड मुंजीत बटूच्या हाती दिला जातो, तो वृक्ष फुललेला पाहिला आहे असे आज किती बटू सांगू शकतील?

काटेसावरीचे तेच. पर्णहीन फांद्यांवर तिची जाड पाकळ्यांची लाल फुले उमलली की मैना, बुलबुल, कोतवाल, खारी आणि वानरे यांची तेथे पंगतच बसते. खाली पडलेली फुले हरणे खातात. दूर मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेल्या भोरड्या, ज्यांना पळसमैना असेही सुंदर नाव आहे, परतीच्या प्रवासापूर्वी याच फुलांवर थव्याथव्याने उतरतात. शहरात राहणाऱ्यांनीही निराश होऊ नये. वडा-पिंपळावर तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा 'टुक् टुक्' आवाज येऊ लागला की तांबट पक्षी जागा झाला असे समजावे. घराच्या छपरावर भल्या पहाटे शीळ घालणारा काळा-पांढरा पक्षी दयाळ होय. हिवाळाभर मौन धरलेला कोकीळ याच काळात कंठ मोकळा करू लागतो. आपण 'कोकिळा गाते' असे म्हणतो खरे, पण ते गाणे काळ्याभोर नराचे असते. ठिपकेदार मादी बहुधा पानांआड राहते.

या खुणा आणि आपले पंचांग यांचा मेळ कसा बसतो, हेही पाहण्यासारखे आहे. वसंतपंचमी २०२४ साली १४ फेब्रुवारीस होती, २०२५ साली २ फेब्रुवारीस, तर २०२६ साली २३ जानेवारीस. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे तिथी अशी मागे सरकते आणि अधिकमास तिला पुन्हा जागेवर आणतो. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ त्याचसाठी आहे. झाडे मात्र तिथी पाहून फुलत नाहीत. एखाद्या वर्षी पंचमीस पळस फुललेला असेल, एखाद्या वर्षी कळीही दिसणार नाही.

शिवाय अयनचलनामुळे ऋतू हळूहळू महिन्यांच्या पुढे गेले आहेत. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने हे जाणून वसंत ऋतू फाल्गुन-चैत्रांत धरला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. धर्मकृत्यांसाठी आपण परंपरेचे पंचांग पाळतो व पाळावे. परंतु वैशाखाला आपल्या भाषेने वसंत न म्हणता वणवा म्हटले, हे विसरू नये. लोकांच्या जिभेवर जो ऋतू होता तो डोळ्यांनी पाहिलेला होता.

हे पाहणे आता केवळ रसिकतेचे राहिलेले नाही. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात शिवाची समाधी भंग करण्यासाठी मदनाबरोबर अकाली वसंत तपोवनात येतो आणि तेथील तपस्व्यांनाही मन आवरणे कठीण होते. काव्यातील तो अकाली वसंत देवांच्या कार्यासाठी होता. आजच्या अकाली उष्म्याचे कारण बव्हंशी मानवाच्या कर्मात आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत देशातील कमाल तापमानाची सरासरी १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक ठरली. आंब्याला मोहोर धरण्यासाठी थंड रात्री लागतात. थंडी लांबली, मध्येच पाऊस झाला किंवा ऊन एकाएकी तापले, तर कोकणातील बागायतदाराचे वर्ष हातचे जाते. त्याच्या घरातील दिवाळसण त्या मोहोरावर ठरतो. अशा वेळी मोहोर कधी आला आणि किती टिकला, हे ज्याला ठाऊकच नाही त्याला काय हरवले हेही कळणार नाही.

याहून बोचणारी गोष्ट अशी की, काही वेळा ही हानी आपण धर्माच्या नावाने करतो. मोहोराची एक मंजिरी देवास पुरते; बाजारात मात्र फांद्याच्या फांद्या मोडून येतात आणि सायंकाळी उकिरड्यावर जातात. काही गावी होळीसाठी उभे झाड तोडले जाते, आणि ते जर सावरीचे असेल तर ऐन फुलोऱ्यात तोडले जाते. ज्या दिवशी शेकडो पक्ष्यांचे अन्नछत्र चालू आहे, त्याच दिवशी ते आपण अग्नीला देतो. शहरांपुरता तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हाच आहे. परंतु धर्मनिष्ठ कुटुंबास कायद्याची आठवण द्यावी लागावी, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही. होळी गोवऱ्यांची, वाळल्या फांद्यांची आणि पालापाचोळ्याची पेटवली म्हणून तिच्या पावित्र्यास उणेपणा येत नाही. रंगपंचमीचा रंगही पळसाखाली गळून पडलेल्या फुलांतून मिळतो. त्यासाठी फांदीला हात लावावा लागत नाही.

म्हणून यंदाच्या वसंतपंचमीस प्रत्येक कुटुंबाने एक साधा नेम धरावा, अशी आमची विनंती आहे. घराजवळचे एक झाड निवडावे. आंबा असो, पांगारा असो वा दाराशी असलेला शेवगा असो. त्याची पहिली कळी, पहिले फूल, पहिली पालवी, आणि त्या परिसरात कानी पडलेली कोकिळाची पहिली हाक यांची नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या त्या त्या चौकटीत मुलांकडून करवून घ्यावी. दिनदर्शिका वर्षअखेरीस टाकून न देता जपून ठेवावी. घरातील आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणी मोहोर केव्हा येत असे ते विचारावे. ही माहिती त्यांच्यामागे कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. देशभरातील विद्यार्थी व नागरिक 'सीझनवॉच' या उपक्रमात अशाच नोंदी करीत आहेत, आणि अभ्यासकांना त्यांचा उपयोग होत आहे. पण अभ्यासकांसाठी नव्हे, तर देवघरासाठी म्हणूनही हे व्हावे.

गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंतांनी ऋतूंमध्ये स्वतःस वसंत म्हटले आहे. ज्या भाविकाची या वचनावर श्रद्धा आहे, त्याच्या दृष्टीने फांदीवरची पहिली कळी हे देवदर्शनच होय. देवळात दर्शनासाठी आपण तासन् तास रांगेत उभे राहतो. दारातील झाडापाशी रोज दोन क्षण उभे राहणे त्या मानाने अवघड नाही. सर्व वाचकांस ते दर्शन घडो, आणि पुढच्या पिढीसही घडावे एवढी झाडे आपल्या हातून राखली जावोत, हीच माघ शुद्ध पंचमीस आमची प्रार्थना.